एंटर दाबल्यावर नक्की काय व्हायला पाहिजे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं लोकांचा मराठी मजकूर छपाईसाठी आणि वेबसाठी साफ करून देतोय, आणि आता एका छोट्या टीमबरोबर मराठी लिहिणाऱ्यांसाठी एडिटरही, म्हणजे लिहायचं सॉफ्टवेअर, बनवतोय. या सगळ्या काळात सगळ्यात जास्त प्रश्न आले ते एंटर या एकाच कीबद्दल. सारखे असलेले प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथे उत्तर दुसरीकडे दिलंय तिथे त्या प्रश्नाचा नंबर टाकलाय. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांसाठी आहेत, शेवटचे थोडे किचकट आहेत.

१. काही कीबोर्डवर एंटर लिहिलेलं असतं, काहींवर रिटर्न. एकच आहे का हे?

रोजच्या वापरात एकच समजा. रिटर्न हे नाव टाइपरायटरवरून आलं. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची, मग डाव्या हाताने तो दांडा ढकलायचा, त्यात दोन कामं व्हायची, रोलरचा गाडा उजवीकडे सरकून ओळीच्या सुरुवातीला यायचा आणि कागद एक ओळ वर चढायचा. गाडा परत आणणं म्हणजे कॅरेज रिटर्न आणि कागद वर चढवणं म्हणजे लाइन फीड. ही दोन कामं पुढे कॉम्प्युटरमध्ये दोन वेगळे कोड म्हणून आली, आस्कीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, कॅरेज रिटर्न १३ नंबरला आणि लाइन फीड १० नंबरला. त्यामुळे आजही काय घोळ होतो ते प्रश्न १४ मध्ये आहे.

एंटर हे नाव मात्र कॉम्प्युटरचं, भरलेली माहिती आत पाठव या अर्थाचं. म्हणजे या एकाच कीवर पहिल्यापासून दोन अर्थ बसलेत, "ओळ खाली घे" आणि "हे पाठव". खालच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

नंबरपॅडवरचा एंटर बहुतेक ठिकाणी तसाच चालतो, पण इनडिझाइनमध्ये काम करणाऱ्या डीटीपीवाल्यांनी लक्षात ठेवा, तिथे नंबरपॅडच्या एंटरने कॉलम तुटतो आणि पुढचा मजकूर थेट दुसऱ्या कॉलमला जातो.

२. लिहिताना एंटर मारला तर नवी ओळ यायला हवी की नवा परिच्छेद?

लेख, पत्र, कथा, अहवाल असं काही लिहायची जागा असेल तर नवा परिच्छेद. यावर माझं मत पक्कं आहे. ओळ कुठे मोडायची हे कागदाची किंवा स्क्रीनची रुंदी ठरवते, लिहिणाऱ्याला त्यात पडायची गरजच नाही, तो एंटर मारतो तेव्हा सांगत असतो की हा मुद्दा इथे संपला, आता पुढचा. एडिटरने ते तसंच नोंदवून ठेवलं पाहिजे. मग त्या पॅराला पहिल्या ओळीत थोडी जागा सोडायची की दोन पॅरांमध्ये अंतर ठेवायचं, हे नंतर एका ठिकाणी बदलता येतं आणि सगळं पुस्तक एका झटक्यात बदलतं.

प्रोग्रामिंगच्या एडिटरमध्ये मात्र एंटर म्हणजे नवी ओळच, कारण तिथे कामच ओळीओळीने चालतं. एक्सेलमध्ये एंटर म्हणजे खालचा सेल, चॅटमध्ये बहुतेक वेळा पाठवणं. जागा बदलली की अर्थ बदलणार हे मान्य, पण दोन गोष्टी कुठेही बदलू नयेत असं मला मनापासून वाटतं. एंटरने लिहिलेलं काही हरवायला नको, आणि एंटरमुळे जे काही झालं ते एका अनडूत जसंच्या तसं परत यायला हवं.

३. मग शिफ्ट+एंटर कशासाठी?

पॅरा तोच ठेवून फक्त ओळ मोडायची असेल त्यासाठी. वर्ड, गूगल डॉक्स, वर्डप्रेस, बहुतेक चॅट, सगळीकडे हे असंच चालतं, आणि म्हणून नवा एडिटर बनवणाऱ्यांनीही यात वेगळेपणा करू नये.

पहिलं उदाहरण पत्त्याचं. नाव, फ्लॅट नंबर, सोसायटी, गाव, पिनकोड, या पाच ओळी मिळून एकच पत्ता आहे, तेव्हा मधल्या चारही ठिकाणी शिफ्ट+एंटर आणि पत्ता संपला की एंटर. असं केलं की पत्ता मध्येच ताणल्यासारखा दिसत नाही.

दुसरं उदाहरण कवितेचं, आणि मराठीत हे फार महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडे ओवी, अभंग, गझल, मुक्तछंद सगळंच लोक सतत टाइप करत असतात. कडव्याच्या आतल्या ओळींना शिफ्ट+एंटर, कडवं संपलं की एंटर. ओवीत पहिले तीन चरण यमकाचे आणि चौथा आखूड, हे चारही एकत्रच राहिले पाहिजेत, एका ओवीचा आखूड चरण तुटून दुसऱ्या पानावर एकटा गेला तर वाचणाऱ्याचा ताल जातो. प्रत्येक ओळ वेगळा पॅरा म्हणून टाइप केली असेल तर कॉम्प्युटरला कळायला मार्गच नाही की या चार ओळी एकमेकींच्या आहेत. पॅरा एकच असेल तर वर्डमध्ये "कीप लाइन्स टुगेदर" लावलं की सगळी ओवी एका पानावर राहते.

४. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारायचा असतो ना? आम्हाला टायपिंगच्या क्लासला तसंच शिकवलं होतं.

टाइपरायटरवर ते बरोबरच होतं, तिथे दुसरा इलाजच नव्हता. कॉम्प्युटरवर ओळ भरली की शब्द आपोआप खाली जातो, तेव्हा पॅरा संपेपर्यंत एंटरला हात लावायचा नाही.

एका निवृत्त बाईंची आठवणींची फाइल माझ्याकडे आली होती, दोनशेच्या वर पानं, ऑफिसात आयुष्यभर टाइपरायटरवर काम केलेलं त्यामुळे टायपिंग एकदम स्वच्छ, शुद्धलेखनाची एक चूक शोधून सापडत नव्हती. पण प्रत्येक ओळीला एंटर. प्रकाशकाने अक्षर १४ वरून १६ केलं आणि पानं विस्कटली. एक ओळ पूर्ण, तिच्याखाली "होते." एवढा एकच शब्द, मग पुन्हा एक पूर्ण ओळ, तिच्याखाली "आणि ती". पानभर तसंच. त्यांना वाटलं फाइल खराब झाली, म्हणजे आपले दोन वर्षांचे कष्ट गेले. काही गेलं नव्हतं, प्रश्न १५ मधल्या पद्धतीने तासाभरात सगळं जागेवर आलं, पण फोनवरचा त्यांचा तो आवाज मला अजून आठवतो. म्हणून हा प्रश्न कोणी विचारला की मी कधीही घाईत उत्तर देत नाही.

५. दोन पॅरांमध्ये जागा सुटावी म्हणून मी दोनदा एंटर मारतो. त्यात काय बिघडलं?

छोट्या चिठ्ठीत काही बिघडत नाही. मोठ्या फाइलमध्ये बिघडतं. मधला रिकामा पॅरा हाही एक पॅराच असतो, तो पानाच्या सुरुवातीला आला की वर उगाच मोकळी जागा दिसते, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकांना बऱ्याचदा प्रत्येक ठिकाणी "ब्लँक, ब्लँक" ऐकत बसावं लागतं. जागा हवी असेल तर पॅराच्या सेटिंगमध्ये स्पेसिंग आफ्टर म्हणून असतं तिथे ६ किंवा ८ पॉइंट द्या, एकदाच द्यायचं.

नव्या पानावर जायला पंधरा वेळा एंटर मारणारेही खूप आहेत. त्याऐवजी वर्ड आणि डॉक्स दोन्हीत कंट्रोल+एंटर, एकदाच.

६. माझं उलट आहे. एकदाच एंटर मारला तरी वर्डमध्ये खूप जागा सुटते.

वर्ड २००७ पासून पॅरानंतर जागा सोडणं हे आधीपासूनच चालू करून दिलेलं असतं. सगळं सिलेक्ट करून पॅराग्राफच्या खिडकीत आफ्टर शून्य करा. काही जण यावर उपाय म्हणून सगळीकडे शिफ्ट+एंटर मारतात, ते करू नका, त्याने सगळा लेख एकच पॅरा होऊन बसतो आणि मग प्रश्न १६ मधली भानगड सुरू होते.

७. पॅराच्या मध्येच कर्सर असताना एंटर मारला तर? आणि काही सिलेक्ट केलेलं असेल तर?

मध्ये असेल तर पॅरा तिथे तुटतो आणि दोन्ही तुकड्यांना तीच स्टाइल राहते, ठळक चालू असेल तर खालीही ठळकच सुरू राहायला हवं. पॅराच्या अगदी सुरुवातीला असेल तर वर एक रिकामा पॅरा येतो आणि कर्सर आपल्या मजकुराबरोबर खाली राहतो. तोडलेलं जोडायला खालच्या पॅराच्या सुरुवातीला जाऊन बॅकस्पेस, म्हणजे एंटर आणि बॅकस्पेस एकमेकांचं काम उलटं करतात, चांगल्या एडिटरची ही मी लावतो ती पहिली परीक्षा.

सिलेक्ट केलेलं असेल तर ते जाऊन त्या जागी नवा पॅरा येतो. सगळीकडे असंच असतं आणि ते बदलायला नको, पण कंट्रोल+ए दाबून चुकून एंटर लागला की अख्खा लेख जातो, अशा वेळी घाबरून फाइल बंद करू नका, आधी कंट्रोल+झेड.

फोटो सिलेक्ट असताना मात्र मी वेगळं मत देईन. फोटोवर क्लिक केलं आणि एंटर मारला तर माणसाला फोटोखाली लिहायचं असतं, फोटो उडवायचा नसतो. तेव्हा तिथे फोटोच्या खाली रिकामा पॅरा यावा.

८. हेडिंग लिहून एंटर मारला की पुढचंही मोठ्या अक्षरात येतं.

येऊ नये. हेडिंगच्या शेवटी एंटर मारला की पुढे साधा मजकूर यायला हवा. वर्डमध्ये स्टाइल मॉडिफाय केली की "स्टाइल फॉर फॉलोइंग पॅराग्राफ" असतं तिथे नॉर्मल निवडा. तुम्ही हेडिंगची स्टाइल न वापरता नुसतं अक्षर मोठं आणि ठळक करत असाल तर वर्डला कळतच नाही की हे हेडिंग आहे, मग ते पुढे तसंच चालू ठेवतं. हेडिंगच्या मध्ये एंटर मारला तर मात्र दोन्ही भाग हेडिंगच राहावेत, कारण तिथे माणूस हेडिंगच दोन भागांत तोडत असतो.

९. बुलेटच्या यादीतून बाहेर कसं पडायचं? एंटर मारत राहिलं की ठिपके येतच राहतात.

रिकाम्या ठिपक्यावर परत एकदा एंटर मारा, ठिपका जातो आणि तुम्ही साध्या पॅरात येता. यादीच्या आत यादी असेल तर एका एंटरला एकच पायरी बाहेर, असंच असायला हवं, एकदम शेवटपर्यंत बाहेर फेकलं तर आतली मांडणी पुन्हा करावी लागते.

एका मुद्द्यात दोन ओळी हव्या असतील आणि दुसऱ्या ओळीला ठिपका नको असेल तर शिफ्ट+एंटर. शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या शिक्षकांना हे सगळ्यात जास्त लागतं, प्रश्न एका ओळीत आणि त्याखाली पर्याय, नंबर एकच. हे माहीत नसेल तर लोक नंबर हाताने टाइप करतात आणि मग मधला एक प्रश्न काढला की खालचे सगळे नंबर बदलत बसतात.

कोटेशनच्या चौकटीलाही हाच नियम, रिकाम्या ओळीवर एंटर मारला की बाहेर.

१०. एक्सेलच्या एकाच सेलमध्ये दोन ओळी कशा लिहू? आणि वर्डच्या टेबलच्या वर जागाच राहिली नाही तर?

एक्सेलमध्ये ऑल्ट+एंटर, गूगल शीट्समध्येही चालतं, मॅकच्या एक्सेलमध्ये कंट्रोल+ऑप्शन+रिटर्न. वर्डच्या टेबलमध्ये एंटरने त्याच खान्यात नवा पॅरा येतो आणि पुढच्या खान्यात जायला टॅब लागतो.

टेबल फाइलच्या अगदी पहिल्या ओळीला असेल आणि वर शीर्षक टाकायचं असेल तर पहिल्या खान्याच्या अगदी सुरुवातीला कर्सर ठेवून एंटर मारा, टेबल खाली सरकतं आणि वर एक ओळ मोकळी होते. हे कुठे लिहिलेलं दिसत नाही आणि लोक अख्खं टेबल कट करून परत पेस्ट करतात.

११. चॅटमध्ये ओळ खाली घ्यायला एंटर मारला आणि अर्धाच मेसेज गेला. हे बरोबर आहे का?

एका ओळीचं बोलणं असेल तिथे एंटरने पाठवणं सोयीचं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण लिहिण्याची खिडकी तीन ओळींची दिसत असेल आणि तरी एंटरने मेसेज जात असेल तर लिहिणाऱ्याची फसगत होते, कारण एवढी जागा दिसली की माणसाला वाटतं इथे लिहायचंय.

आमच्या घरच्या ग्रुपवर बहिणीने लिहिलं, "बाबांना दवाखान्यात ॲडमिट केलंय", ओळ खाली घ्यायला एंटर मारला आणि तेवढंच गेलं. पुढची ओळ होती, "डोळ्याचं ऑपरेशन आहे, आधीच ठरलेलं, काळजी करू नका". ती टाइप होऊन जाईपर्यंत दोन काकांचे फोन येऊन गेले आणि आत्या रडायला लागली होती. पाठवलेलं परत घेता येतं हे खरं, पण वाचलेलं परत घेता येत नाही.

सेटिंगमध्ये बघा. अँड्रॉइडच्या व्हॉट्सॲपमध्ये चॅट्सच्या सेटिंगमध्ये "एंटर इज सेंड" असतं ते बंद ठेवा, मग एंटरने ओळच खाली येते. स्लॅकमध्ये एंटरने नवी ओळ आणि कंट्रोल+एंटरने पाठवणं असं निवडता येतं. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वापरताना शिफ्ट+एंटरची सवय लावून घ्या. आणि मोठा, नाजूक मजकूर असेल तर दुसरीकडे लिहा आणि मग पेस्ट करा.

१२. मराठी टाइप करताना शब्द निवडायला एंटर मारतो, तर काही ठिकाणी फॉर्मच सबमिट होतो किंवा मेसेज जातो. फक्त मराठीलाच का?

हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न आहे कारण हा त्रास इंग्रजीत टाइप करणाऱ्याला कधीच होत नाही, आणि म्हणून तो बनवणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

तुम्ही रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवत असाल तर शब्द पूर्ण होईपर्यंत तो कच्चा असतो, खाली रेघ दिसते, बाजूला पर्यायांची यादी येते, "कर" हवं का "करा" हवं का "खर" हवं. त्या वेळी एंटरचा अर्थ एवढाच की हा शब्द पक्का कर. तो एंटर कीबोर्डसाठी आहे, ॲपसाठी नाही. ॲपने तो मध्येच पकडला की अर्धवट शब्दासकट मेसेज जातो. जपानी आणि चिनी लिहिणाऱ्यांनाही अगदी हाच त्रास होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर अक्षर थेट उमटतं, कच्चा शब्द हा प्रकारच नसतो, त्यामुळे इनस्क्रिप्टवाल्यांना हे जाणवत नाही.

बनवणाऱ्यांसाठी: ब्राउझर सांगतो की शब्द कच्चा आहे का, इव्हेंटवर "इझ कंपोझिंग" नावाचा गुण असतो, तो खरा असेल तर एंटरला हात लावू नका. सफारीमध्ये थोडी गडबड आहे, तिथे शब्द पक्का झाल्याचं आधी कळतं आणि एंटरची की नंतर येते, त्यामुळे तो गुण खोटा दिसतो, पण कीकोड २२९ येतो, तोही तपासा. एवढ्या दोन अटी घातल्या की काम झालं.

याच्याच बाजूची एक गोष्ट, जोडाक्षराच्या पोटात एंटर. "लक्ष्मी" मधला "क्ष्मी" कॉम्प्युटरच्या आत क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी असा सुटा असतो. कर्सर चुकून त्या पोटात शिरला आणि एंटर मारला तर वरच्या ओळीला "लक्" आणि खालच्या ओळीला "ष्मी" असं काहीतरी होतं. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणाऱ्या पद्धतीच्या, नियमांतही देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला, त्याआधी हलन्तानंतर तोडायला तांत्रिकदृष्ट्या मुभा होती. म्हणून जुन्या लायब्ररीवर बनवलेला एडिटर असेल तर हे मुद्दाम तपासून बघा.

१३. कोड लिहिताना सुचवलेला शब्द नको असतो पण एंटर मारला की तोच बसतो.

व्हीएस कोडमध्ये "ॲक्सेप्ट सजेशन ऑन एंटर" हे सेटिंग ऑफ करा, मग सूचना घ्यायला टॅब आणि एंटर म्हणजे फक्त नवी ओळ. मी तरी तसंच ठेवतो. ओळीच्या मध्ये असताना खाली नवी ओळ हवी असेल तर कंट्रोल+एंटर, वर हवी असेल तर कंट्रोल+शिफ्ट+एंटर.

१४. माझी फाइल मित्राच्या कॉम्प्युटरवर एकाच लांब ओळीत उघडते. किंवा लिनक्सवर स्क्रिप्ट चालतच नाही. का?

प्रश्न १ मधले ते दोन कोड. १९६३ च्या मॉडेल ३३ टेलिप्रिंटरवर छपाई सेकंदाला १० अक्षरं अशी चालायची, आणि छापणारा भाग ओळीच्या टोकापासून सुरुवातीला यायला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागायचा, म्हणून आधी कॅरेज रिटर्न आणि मग लाइन फीड असे दोन्ही पाठवायचे, म्हणजे तेवढ्यात तो भाग पोचायचा. डॉस आणि विंडोजने तीच जोडी ठेवली. युनिक्स आणि लिनक्सने फक्त लाइन फीड घेतला. मॅकने मॅक ओएस ९ पर्यंत फक्त कॅरेज रिटर्न वापरला आणि २००१ मध्ये ओएस एक्स आल्यावर लाइन फीडवर गेला.

विंडोजच्या नोटपॅडला नुसता लाइन फीड कळायचा नाही, म्हणून लिनक्सवरची फाइल एका ओळीत दिसायची. ते २०१८ मध्ये सुधारलं. उलट बाजूला, विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की पहिल्या ओळीच्या शेवटी तो जास्तीचा कॅरेज रिटर्न चिकटलेला असतो आणि "बॅड इंटरप्रिटर" असा एरर येतो, फाइल तर समोर दिसत असते, त्यामुळे माणूस तासन् तास शोधत बसतो. व्हीएस कोडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात सीआरएलएफ (कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड) लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून एलएफ (नुसता लाइन फीड) करा आणि सेव्ह करा. टीममध्ये काम असेल तर एडिटरकॉन्फिगच्या, म्हणजे सगळ्यांच्या एडिटरसाठी सामायिक सेटिंगच्या, फाइलमध्ये एकदा ठरवून टाका.

एडिटरचं कर्तव्य इथे साधं आहे, फाइल उघडली तेव्हा जी पद्धत होती तीच नव्या एंटरला वापरायची. एकाच फाइलमध्ये दोन्ही मिसळू द्यायच्या नाहीत.

१५. पीडीएफमधून कॉपी केलं की प्रत्येक ओळीला एंटर येतो. एकेक काढत बसायचं का?

नाही, वर्डमध्ये तीन वेळा रिप्लेस करायचं. पॅराच्या खुणेसाठी फाइंडच्या खान्यात ^ हे चिन्ह आणि त्याला लागून छोटा पी असं टाकतात. पहिल्यांदा दोन पॅराखुणा एकापाठोपाठ शोधून त्या जागी मजकुरात कुठेही नसेल असं काहीतरी टाका, मी ## टाकतो. मग उरलेल्या एकेक पॅराखुणेच्या जागी एक स्पेस. मग ## च्या जागी एक पॅराखूण. झालं. शिफ्ट+एंटरची खूण काढायची असेल तर पीच्या जागी छोटा एल.

हे करण्याआधी कंट्रोल+शिफ्ट+८ दाबून खुणा दिसत्या करा. ¶ दिसलं तर एंटर, वळलेला बाण दिसला तर शिफ्ट+एंटर. आणि मूळ फाइलची कॉपी ठेवा. पॅरांच्या मध्ये रिकामी ओळ नसेल तर ही पद्धत चालत नाही, सगळे पॅरे एक होतात, तिथे आधी डोळ्यांनी बघून पॅरा संपतो त्या ठिकाणी हाताने ## टाकत जावं लागतं. कवितासंग्रह असेल तर ही पद्धत अजिबात वापरू नका.

१६. शिफ्ट+एंटर मारला की वर्डमध्ये त्या ओळीतले शब्द लांब लांब पसरतात.

पॅरा दोन्ही बाजूंनी सरळ केलेला आहे, म्हणजे जस्टिफाय. पॅराची शेवटची ओळ सोडून बाकी सगळ्या ओळी तो ताणतो, आणि शिफ्ट+एंटरने पॅरा संपत नाही, म्हणून तुमची तीन शब्दांची ओळही ताणली जाते. त्या पॅराला लेफ्ट अलाइन करा, कविता आणि पत्त्यांना ते तसंही लेफ्टच शोभतं. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डच्या तळाशी लेआउट ऑप्शन्समध्ये शिफ्ट+रिटर्नच्या ओळी न ताणण्याचं सेटिंगही आहे.

१७. मी एंटर मारला होता तरी वेबसाइटवर सगळं सलग दिसतं.

बहुतेक तुम्ही मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी सांगायच्या पद्धतीत, लिहिताय. तिथे एक एंटर म्हणजे फक्त स्पेस धरतात, पॅरासाठी मध्ये एक रिकामी ओळ सोडावी लागते, म्हणजे प्रश्न ५ मध्ये जे टाळा म्हटलं तेच इथे करायचंय, कारण इथे रिकामी ओळ हीच पॅराची खूण आहे. नुसती ओळ मोडायची तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस किंवा एक उलटी तिरकी रेघ. गिटहबवर कॉमेंटमध्ये एक एंटर दिसतो आणि फाइलमध्ये दिसत नाही, तेव्हा तुमचं चुकलंय असं समजू नका.

वर्डप्रेसमध्ये २०१८ च्या डिसेंबरमध्ये ५.० आल्यापासून प्रत्येक एंटरला नवा ब्लॉक तयार होतो. कविता टाकताना शिफ्ट+एंटर नाही वापरला तर प्रत्येक ओळ सुटा ब्लॉक होते आणि ओळींमध्ये मोठमोठं अंतर पडतं.

१८. मोबाईलवर एंटरच्या जागी कधी बाण, कधी भिंग, कधी टिक दिसतं.

त्या पेजने कीबोर्डला सांगितलेलं असतं की इथे एंटरचं काम काय, शोधायचं, पुढच्या रकान्यात जायचं की पाठवायचं. ही फार चांगली सोय आहे, बनवणाऱ्यांनी "एंटर की हिंट" हा गुण जरूर वापरावा. पण जिथे ओळ खाली येणार असेल तिथे वळलेला बाणच दिसू द्या. चित्र एक आणि काम दुसरं, असं मात्र कधी करू नका.

१९. आम्ही स्वतः वेबवर एडिटर बनवतोय. एंटर कुठल्या क्रमाने तपासायचा?

आमचा क्रम सांगतो. सगळ्यात आधी शब्द कच्चा आहे का बघायचं (प्रश्न १२), असेल तर काहीही करायचं नाही. मग सूचनांची यादी उघडी असेल आणि माणसाने बाणाने त्यातलं काही निवडलेलं असेल तरच ते घ्यायचं. मग कर्सर कोडच्या चौकटीत असेल तर साधी नवी ओळ, फोटो सिलेक्ट असेल तर त्याखाली पॅरा, रिकाम्या मुद्द्यावर किंवा रिकाम्या कोटेशनमध्ये असेल तर एक पायरी बाहेर, आणि यातलं काहीच नसेल तर पॅरा तोडायचा. प्रोझमिरर या लायब्ररीच्या मूळ कीमॅपमध्येही कोड, बाजूला पॅरा, रिकामा ब्लॉक बाहेर, मग तोडणं असाच क्रम आहे, आणि कोडच्या चौकटीतून बाहेर पडायला तिथे कंट्रोल+एंटर दिलंय.

ब्राउझरच्या भरवशावर सोडू नका. एकेकाळी याच एंटरला एक ब्राउझर डिव्ह टाकायचा, दुसरा पी टाकायचा आणि फायरफॉक्स नुसता बीआर टाकायचा, तो २०१८ मधल्या फायरफॉक्स ६० पासून डिव्हवर आला. आपल्याला पी हवा असेल तर आपणच टाकायचा. आणि कीच्या नंबरवर विसंबण्याऐवजी "बिफोर इनपुट" हा इव्हेंट ऐका, त्यात ब्राउझर स्वतः सांगतो की हे "इन्सर्ट पॅराग्राफ" आहे की "इन्सर्ट लाइन ब्रेक", त्यामुळे मोबाईलचे कीबोर्डही सांभाळले जातात.

तपासायला रोमनमधून मराठी टाइप करणारा एक माणूस, इनस्क्रिप्टवाला एक माणूस आणि फोनवर लिहिणारा एक माणूस, असे तिघं तरी शेजारी बसवा. आमच्या निम्म्या चुका अशाच सापडल्या.

२०. फाइलच्या अगदी शेवटी एंटर ठेवायचा की नाही?

कोडची फाइल असेल तर ठेवा. युनिक्सच्या पॉझिक्स नियमात ओळीची व्याख्याच अशी आहे की ती नव्या ओळीच्या खुणेने संपते, म्हणून शेवटी ती नसेल तर गिट "नो न्यूलाइन ॲट एंड ऑफ फाइल" असं दाखवतं, आणि दोन फाइली जोडल्या की पहिलीची शेवटची ओळ दुसरीच्या पहिल्या ओळीला चिकटते. एडिटरकॉन्फिगमध्ये "इन्सर्ट फायनल न्यूलाइन" चालू केलं की सेव्ह करताना आपोआप टाकलं जातं.

लेख, अर्ज, पत्रिका यांच्या फाइलला याची गरज नाही. तिथे उलट शेवटचे रिकामे पॅरे काढून टाका, कारण पान भरत आलं असेल तर त्यातला एखादा पुढच्या पानावर उतरतो आणि प्रिंट काढताना मागे एक कोरं पान निघतं. कंट्रोल+एंड दाबा, कर्सर शेवटच्या शब्दापाशी न थांबता खाली कुठेतरी गेला तर तिथून बॅकस्पेस मारत वर या.